रिलीज कोणी करायची, कशी करायची आणि ‘थांबा’ कोणी म्हणायचं?

दाखल_नोंदवही (शनिवार, रात्री ११:४०)

मंडळी, हा धागा काढू की नको असं दोन आठवडे चाललं होतं, आज काढतोच. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही पुण्यातली सहा-सात टाळकी मिळून लहान सार्वजनिक ग्रंथालयांसाठी एक फुकट सॉफ्टवेअर चालवतो. क आणि ड वर्गातली ग्रंथालयं, म्हणजे एक खोली, चार कपाटं, कुणीतरी देणगी दिलेला जुना कॉम्प्युटर आणि संध्याकाळी तीन तास येणाऱ्या ग्रंथपाल बाई. देवघेव, वर्गणी, अनामत, दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन केलेली नोंद), एवढंच त्यात आहे. पगारी कुणी नाही, सगळे नोकऱ्या सांभाळून शनिवार-रविवार करतात.

तर मार्चअखेर. ग्रंथालयांना वर्षाचे आकडे काढायचे असतात म्हणून २.६ ही नवी आवृत्ती त्याआधी द्यायचीच, म्हणजे रिलीज करायचीच, असं ठरलेलं. आदल्या शनिवारी कोथरूडला बसून सगळं तपासलं, ठीक होतं. बुधवारी रात्री आमच्यातल्या एकाने रिलीजच्या ब्रांचवर (रिलीजसाठी वेगळ्या काढलेल्या कोडच्या प्रतीवर) एक बदल टाकला, ‘फक्त दोन ओळी आहेत रे’ म्हणून. तक्रार खरी होती, दाखल क्रमांक मजकूर म्हणून साठवलेला असल्यामुळे यादीत ९ च्या आधी १० यायचा, तर त्याने तो कॉलम आकड्याचा करून टाकला. झालं.

आता आमच्याकडे कायम रिलीज करणारा माणूस एकच, आणि तो नेमका राजगडावर, फोनला रेंज नाही. ‘ही आवृत्ती आमचीच’ अशी डिजिटल सही करायची की, म्हणजे किल्ली, त्याच्या लॅपटॉपवर, लॅपटॉप धायरीला त्याच्या घरी. मी गुरुवारी रात्री साडेनऊला धायरी गाठली, काकूंनी आधी पोहे दिले मग लॅपटॉप दिला, आणि पासवर्ड विचारल्यावर म्हणाल्या तो फ्रीजवर चिकटवलाय की. मी तिथेच जेवणाच्या टेबलावर बसून बिल्ड केला (कोडवरून इन्स्टॉलर बांधला), सही केली, रात्री एकला अपलोड केला आणि ग्रुपवर ‘२.६ आली रे’ टाकून झोपलो. मोठा पराक्रम केल्यासारखं वाटत होतं खरं सांगतो.

शुक्रवारी संध्याकाळी फोन सुरू झाले. आमचा डेटा ज्यात असतो त्या एसक्यूलाइट डेटाबेसला मजकुराचा आकडा कर म्हटलं की तो सुरुवातीचे इंग्रजी अंक घेतो आणि बाकीचं टाकून देतो. ज्या ग्रंथालयांत एकाच पुस्तकाच्या दोन प्रती ४५२ आणि ४५२अ अशा लिहिल्या होत्या तिथे दोन्ही ४५२ झाल्या. आणि ज्यांनी क्रमांक देवनागरी अंकांत टाकले होते त्यांची तर सगळी पुस्तकं, आख्खं ग्रंथालय, दाखल क्रमांक शून्य. कारण देवनागरी ४ हा त्याच्या दृष्टीने अंकच नाही.

ज्यांच्याकडे बॅकअप होता ते वाचले. दोन ठिकाणी नव्हता. तिथे आम्ही दोन रविवार कागदी नोंदवही समोर ठेवून एकेक पुस्तक जुळवत बसलो.

आणि आता खरी गंमत. आमच्याकडे रिलीजची कार्यपद्धती लिहिलेली होती! तीन वर्षांपूर्वी विकीवर चौदा पायऱ्या लिहिल्यात. पायरी ९: ‘जुन्या डेटावर मायग्रेशन चालवून बघा’, म्हणजे जुना डेटा नव्या आवृत्तीच्या रचनेत नीट जातो का ते. मी ती त्या रात्री वाचली सुद्धा. पण जुना डेटा कुठाय ते लिहिलं नव्हतं, ज्याच्या ड्राइव्हवर होता तो जर्मनीला गेलाय, रात्रीचे बारा वाजलेले, म्हटलं शनिवारी तपासलंय ना, चला पुढे.

तर प्रश्न असा की तुमच्या फुकट-फौजदारीच्या प्रोजेक्टमध्ये हे कसं करता? लिहून ठेवता का, आणि लिहिलेलं पाळलं जातं का? मला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त हवंय.

उपद्व्यापी (शनिवार, रात्री ११:५८)

पासवर्ड फ्रीजवर... यालाच कोड फ्रीज म्हणतात का? ह. घ्या (हलके घ्या).

जुनाजाणता (रविवार, सकाळी ७:१५)

धागा चांगला आहे, वाचनखूण साठवली.

तुमच्या चौदा पायऱ्यांत काही वाईट नाही. घोळ बुधवारी झाला, गुरुवारी नाही. शनिवारी तपासून झाल्यावर ब्रांच उघडी कशी राहिली? तपासलं एक आणि दिलं दुसरंच. रिलीजआधी कोडमधले बदल बंद करायचे त्याला फ्रीज म्हणतात, पण फ्रीज म्हणजे ‘कृपया आता बदल करू नका’ अशी पाटी नव्हे, पुण्यात पाट्या कोण वाचतं, फ्रीज म्हणजे कुलूप.

डेबियनवाल्यांचं बघा, म्हणजे लिनक्सचा एक मोठा फुकट संच बनवणाऱ्यांचं. तिथेही सगळे स्वयंसेवकच, फक्त हजारभर. त्यांचं कुलूप टप्प्याटप्प्याने लागतं. १३ क्रमांकाच्या आवृत्तीच्या वेळी, म्हणजे ट्रिक्सीच्या, मार्च २०२५ मध्ये पहिला टप्पा, मोठे बदल बंद. एप्रिलमध्ये दुसरा, नवीन पॅकेज (संचातले एकेक प्रोग्राम) बंद. मे मध्ये तिसरा, महत्त्वाच्या पॅकेजांना आता रिलीज टीमला विचारल्याशिवाय आत प्रवेश नाही. जुलैअखेर पूर्ण बंद, आणि ९ ऑगस्टला रिलीज. मधले महिने फक्त रिलीज अडवणारे बग मारायचे. कुणी कितीही जुना डेव्हलपर असो, ‘दोन ओळीच आहेत’ म्हणाला तरी त्याला त्या दोन ओळी रिलीज टीमपुढे ठेवून का ते सांगावं लागतं.

हे शहाणपण त्यांनाही फुकट आलेलं नाही. त्यांची वूडी नावाची आवृत्ती जुलै २००२ ला आली आणि पुढची सार्ज जून २००५ ला, जवळजवळ तीन वर्षं. लोक थट्टा करायचे.

आणि अजून जुनी गोष्ट, बऱ्याच जणांना माहीत नसते. डेबियन १.० अशी अधिकृत आवृत्ती नाहीच! डिसेंबर १९९५ मध्ये एका सीडी विकणाऱ्या कंपनीने चुकून अर्धवट, चालू कामाची आवृत्ती सीडीवर टाकली आणि वर १.० लिहिलं. ती चालत नव्हती. मग लोकांचा गोंधळ नको म्हणून यांनी तो आकडाच सोडून दिला आणि जून १९९६ मध्ये थेट १.१ काढली. म्हणजे काय, की ‘ही रिलीज आहे’ हे म्हणायचा अधिकार कुणाचा हे बाहेरच्या जगाला स्पष्ट नसेल तर दुसरं कुणीतरी तुमच्यासाठी म्हणून टाकतं. तुमच्याकडे ते तुम्ही स्वतःच केलंत, धायरीला, पोहे खाऊन.

अर्धाकप (रविवार, सकाळी १०:०२)

मी जरा उलटं बोलतो, चालेल ना.

मी हिंजवडीत सोमवार ते शुक्रवार हेच करतो. बदलाचा अर्ज, त्यावर मॅनेजरची मान्यता, मग अजून एका समितीची मान्यता, मग रात्री अकराचा कॉल ज्यात अठरा लोक म्यूटवर. शनिवारी मी फुकट कोड लिहितो तो यातून सुटका म्हणून लिहितो. तिथेही कुणी फॉर्म भरायला लावला तर मी वेताळ टेकडीवर फिरायला जाईन, तब्येत तरी सुधारेल.

डेबियनची उदाहरणं सहा माणसांच्या प्रोजेक्टला देणं म्हणजे घरच्या सत्यनारायणाला महापालिकेचं टेंडर काढणं. ज्याने बदल टाकला त्याने चूक केली, माफी मागितली असेल, पुढच्या वेळी नाही करणार. संपलं. एकदा घसरलं म्हणून आख्ख्या अंगणाला फरशी घालू नका.

दाखल_नोंदवही (रविवार, सकाळी १०:३०)

@अर्धाकप, माफी त्याने मागितली आणि दोन्ही रविवार माझ्या शेजारी बसून नोंदवही पण वाचली, त्याच्यावर राग नाहीये. पण मी तरी कुठे शहाणा, पायरी ९ मीच ओलांडली. पुढच्या वेळी तिसरा कुणीतरी ओलांडेल ना.

सिंहगडरोड (रविवार, दुपारी १:१०)

तो राजगडवाला मीच. आईला कशाला ओढलंत रे धाग्यात, तिला इथली लिंक कुणीतरी पाठवली आहे आधीच.

थोडी माझी बाजू. त्या चौदा पायऱ्या मी लिहिल्या, पण मी त्या माझ्यासाठी लिहिल्या होत्या. वाण्याच्या यादीत आपण नुसतं ‘डाळ’ लिहितो, कुठली ते घरच्यांना माहीत असतं, तसं. आजवरच्या सगळ्या रिलीज मीच केल्या त्यामुळे हात आपोआप चालतो, आणि मी काय काय करतो ते मलाच आता सांगता येत नाही. उदाहरणार्थ सही करायच्या आधी मी दर वेळी इन्स्टॉलर माझ्या मावशीच्या गावच्या ग्रंथालयाच्या डेटावर उघडून बघतो. त्यांचे क्रमांक देवनागरीत आहेत! हा घोळ मला दोन मिनिटांत दिसला असता. आणि हे चौदात कुठेही लिहिलेलं नाही, कारण ती मला पायरी वाटलीच नाही कधी, सवय वाटली.

‘मी नसताना रिलीज करायची नाही’ असंही कुठे लिहिलं नव्हतं. मी नसेन असं मलाच वाटलं नव्हतं.

गुरुवारची_वीज (रविवार, दुपारी ३:४४)

सगळे मायग्रेशनवर बोलतायत, माझे केस मात्र त्या लॅपटॉपच्या गोष्टीने उभे राहिले. सहीची की एका माणसाच्या घरच्या लॅपटॉपवर, पासवर्ड कागदावर, आणि दुसऱ्या माणसाने त्याच्या नावाने सही करून टाकली. सही म्हणजे ‘हे मी बघितलंय’ असं वापरणाऱ्याला दिलेलं वचन असतं हो. ते त्या रात्री खोटं झालं, हेतू कितीही चांगला असू दे.

एक्सझेड प्रकरण आठवा. २९ मार्च २०२४. फाइल दाबून लहान करणारी एक छोटी लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते, आणि वर्षानुवर्षं सांभाळणारा एकच थकलेला स्वयंसेवक. त्याला मदत करायला म्हणून एक ‘गुणी’ माणूस आला, दोनेक वर्षं नीट पॅच (कोडमधले बदल) दिले, विश्वास बसला, मग रिलीज पण तोच करायला लागला. आणि ५.६.० व ५.६.१ मध्ये त्याने चोरदरवाजा घातला. आता लक्ष द्या कुठे घातला. त्याच्या काही फाइली गिटमध्ये (जिथे सगळ्यांना दिसेल असा कोड आणि त्याचे बदल ठेवतात) टेस्टच्या नावाखाली होत्या, पण त्या फाइलींना जागं करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच, ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे लोकांना उतरवायला दिलेल्या गठ्ठ्यात होती. म्हणजे गिट वाचणाऱ्याला ती दिसणारच नाही. ‘रिलीज करणारा माणूस घरी बसून काय बांधतो’ ही जागा कुणीच तपासत नव्हतं, नेमकी तीच फट. सापडलं कसं, तर पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडला एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या मशीनमध्ये शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं आणि तो खोदत गेला. अर्धा सेकंद! आपल्याकडे कुणी म्हणालं असतं नेट स्लो असेल.

तेव्हा माझं म्हणणं, बिल्ड कुणाच्याही घरी नको. टॅगवरून (कोडवर ‘ही ती आवृत्ती’ म्हणून मारलेल्या खुणेवरून) कुणीही बांधला तरी तोच हॅश (फाइलचा अंगठ्याचा ठसा म्हणा) यायला हवा, आणि दोन माणसांनी वेगवेगळा बांधून हॅश जुळवल्याशिवाय अपलोड नाही.

उपद्व्यापी (रविवार, दुपारी ३:५०)

पॉपकॉर्न संपले, अजून आणतो.

बिल्डवाला (रविवार, संध्याकाळी ५:२०)

माणसांवर अवलंबून राहताच कशाला? सगळं सीआयवर, म्हणजे ही कामं आपोआप करणाऱ्या सर्व्हरवर टाका. टॅग मारला की टेस्ट, बिल्ड, सही, अपलोड सगळं आपोआप. पायऱ्या लिहायलाच नकोत, स्क्रिप्ट हीच कार्यपद्धती.

दाखल_नोंदवही (रविवार, संध्याकाळी ५:४१)

@बिल्डवाला, टेस्ट आपोआपच चालतात आमच्या. त्या रात्री सगळ्या हिरव्या, म्हणजे पास होत्या. टेस्टमधली पुस्तकं १, २, ३, ४ अशी, इंग्रजी अंकांत, अ-ब काही नाही. लिहिणारे आम्हीच ना.

ग्रंथपाल_मावळ (रविवार, रात्री ९:०५)

मी यातली नाही, पण ज्या दोन ठिकाणी नोंदवही घेऊन बसलात त्यातलं एक माझं ग्रंथालय. मला लिंक पाठवली म्हणून वाचलं. कोडचं कळलं नाही, बाकी कळलं. तीन गोष्टी सांगते, राग मानू नका.

एक, तुम्ही मुलं मार्चअखेर म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नवीन आणता. अहो त्या आठवड्यात आम्ही श्वास घेत नाही. नवीन जे काय द्यायचं ते जानेवारीत द्या किंवा मग जूनमध्ये द्या, मार्चमध्ये आम्हाला जुनं, सवयीचं, चालणारं हवं असतं.

दोन, नवीन आलं की खाली बारीक अक्षरात इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं असतं, ते मी कधी वाचत नाही. कुठल्या पडद्यावर काय बदललं आणि आधी बॅकअप घ्या, एवढं मराठीत वरती मोठ्या अक्षरात लिहा की.

तीन, जुनं परत कसं घालायचं ते कुणीच सांगत नाही. मी त्या शुक्रवारी तुम्हाला चार फोन केले, सगळे म्हणाले ‘ताई हात लावू नका, आम्ही बघतो’. समोर आठ वाचक उभे. शेवटी मी वहीत नोंदी केल्या, वीज गेल्यावर करते तशा.

आणि ४५२अ ही आमच्याकडे खरंच आहे, ती प्रत अजून सापडलेली नाही. कुणाच्या नावावर गेली देव जाणे.

जुनाजाणता (रविवार, रात्री ९:३०)

ताई, तुमचा प्रतिसाद विकीवर पहिल्या पानावर लावायला हवा.

कपाट_क्रमांक_७ (सोमवार, सकाळी ११:१५)

मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, आमच्याकडे कोहा आहे. ग्रंथालयाचंच सॉफ्टवेअर आहे म्हणून सांगतो. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या ग्रंथालयासाठी ते बनलं, जुनी प्रणाली २००० सालात चालणार नव्हती म्हणून १९९९ मध्ये घाईने लिहिलं आणि जानेवारी २००० ला सुरू केलं, मग सगळ्यांसाठी खुलं केलं. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट.

त्यांच्याकडे मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबर, आकडाही तसाच, वर्ष आणि महिना. प्रत्येक आवृत्तीला एक रिलीज मॅनेजर ठरलेला, आणि बाहेर गेलेल्या जुन्या आवृत्त्या सांभाळणारे वेगळे. पण मला आवडणारी गोष्ट म्हणजे ज्याने पॅच लिहिला तो सोडून दुसऱ्या कुणीतरी तो चालवून बघून ‘हो, जमतंय’ म्हणून सही द्यावी लागते, मग क्यूए (गुणवत्ता तपासणाऱ्या) टीमची दुसरी नजर, मग रिलीज मॅनेजर आत घेतो. आणि ती पहिली सही द्यायला कोड यायची गरज नाही, ग्रंथपाल सुद्धा देऊ शकतात, त्यासाठी ब्राउझरमध्ये चालवून बघायची सोय करून ठेवलीय. मावळच्या ताईंनी बुधवारचा तो दोन ओळींचा बदल स्वतःच्या यादीवर दोन मिनिटं बघितला असता तर?

अर्धाकप (सोमवार, दुपारी १२:४०)

ताईंचं वाचून माझा कालचा आवाज थोडा खाली आला, कबूल. तरी शंका आहेच. अपाचे ही फुकट सॉफ्टवेअर बनवणारी मोठी संस्था, तिथे रिलीजला किमान तीन जणांची बांधील ‘+१’ (होकाराची) मतं लागतात, मतदान साधारण ७२ तास उघडं ठेवायचं, आणि मत देणाऱ्याने सोर्स स्वतःच्या मशीनवर उतरवून, सही तपासून, बिल्ड करून मगच मत द्यायचं. ऐकायला छान. सहा जणांत तीन माणसं ७२ तासांत जागी सापडणं म्हणजे रविवारी दुपारी दीड वाजता सदाशिव पेठेत उघडं दुकान सापडणं.

आणि गंमत म्हणजे तिथे रिलीजला नकाराधिकार नाही. कोडच्या बदलाला एकजण अडवू शकतो, रिलीजला नाही, बहुमत असलं की जाते. म्हणजे ‘थांबा’ म्हणणारा माणूस तिथेही एकटा पुरत नाही.

ताशा_नाही_ढोल (सोमवार, दुपारी २:२५)

अवांतर: तुम्ही सगळे पुण्याचे ना? विसर्जनाला कसबा, जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा हा क्रम कुठल्या कागदावर वाचून पाळता का? सगळे स्वयंसेवकच असतात तिथे पण. मानाच्या पाचांत कुणी मध्ये घुसत नाही, ‘फक्त दोन ढोल आहेत रे’ म्हणून सुद्धा नाही.

उपद्व्यापी (सोमवार, दुपारी २:३१)

क्रम पक्का, संपायची वेळ देवालाच माहीत, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चालू. म्हणजे डेबियनच की.

जुनाजाणता (सोमवार, दुपारी २:४०)

हाहा, हे मात्र खरं. उलटं टोक म्हणजे लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिथे वेळ पक्की. दोन आठवडे नवीन कोड घ्यायची खिडकी, मग खिडकी बंद, मग दर रविवारी एक आरसी (रिलीजआधीची चाचणी आवृत्ती), सात किंवा आठ झाल्या की रिलीज. नऊ-दहा आठवड्यांत गाडी सुटतेच. तुमचं फीचर राहिलं तर पुढच्या गाडीला. ही ‘पुढची गाडी आहे’ खात्री असली की माणूस बुधवारी रात्री धावत डबा पकडत नाही. तुमच्याकडे २.६ नंतर २.७ कधी येणार ते कुणाला माहीत होतं का? नसणार. म्हणूनच तो दोन ओळींचा बदल घुसला.

बाणेर_बस (सोमवार, रात्री १०:१८)

सगळ्यांचं वाचलं. मला वाटतं मूळ प्रश्न, म्हणजे लिहिलेलं पाळलं का जात नाही, त्याचं उत्तर सिंहगडरोडने नकळत देऊन टाकलंय. एकच माणूस कायम रिलीज करत असेल तर कागद हा कागदच राहतो, तो कधी खऱ्याने वापरलाच जात नाही, करणाऱ्याला त्याची गरज नसते आणि बाकीच्यांना संधी नसते. मग ज्या रात्री तो लागतो त्या रात्री कळतं की त्यात काही नाही.

पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा बनवणाऱ्यांनी यावर मला माहीत असलेला सगळ्यात साधा उपाय केला. २००९ पासून, ५.११ च्या मालिकेपासून, दर महिन्याच्या २० तारखेला चाचणीची एक आवृत्ती काढायची आणि दर महिन्याला ती काढणारा माणूस वेगळा. आधी रिलीज म्हणजे महाकठीण, एकदोघांनाच जमणारं काम होतं. त्यांनी सोर्समध्येच रिलीज करणाऱ्यासाठी एक मार्गदर्शिका ठेवली आणि पाळीने एकेकाला बसवलं. नवा माणूस अडखळला की त्याने तिथल्या तिथे ती ओळ दुरुस्त करायची. असं कितीतरी वेळा झालंय आता. ती मार्गदर्शिका वाचा एकदा, कंटाळवाणी वाटेल इतकी बारीक आहे, कुठली कमांड मारल्यावर काय दिसायला हवं इथपर्यंत.

पायथॉन भाषेचं पण पेप १०१ म्हणून असंच लांबलचक टिपण आहे, तिथे साधारण दोन आवृत्त्यांनंतर रिलीज मॅनेजर बदलतो.

तेव्हा अर्धाकप, फॉर्म नको, समिती नको, मत पण नको. फक्त एक नियम करा, लागोपाठ दोन रिलीज एकाच माणसाने करायच्या नाहीत. बाकीचे नियम तो नवा माणूस तुमच्याकडून मागून घेईल, कारण त्याला भीती वाटत असेल.

अर्धाकप (सोमवार, रात्री १०:४४)

हे चालेल. हे मी सुद्धा करीन.

सिंहगडरोड (सोमवार, रात्री ११:०६)

+१. आणि खरं सांगू, मला सुटल्यासारखं वाटतंय. तीन वर्षं दर रिलीजच्या आठवड्यात मी कुठे बाहेरगावी गेलो नाही, एकदा गेलो तर हे रामायण.

दाखल_नोंदवही (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:५०)

मंडळी, अपडेट द्यायला उशीर झाला.

२.६.२ काल गेली. बाणेर_बस म्हणतात तसंच केलं, आमच्यात नुकत्याच आलेल्या एका दुसऱ्या वर्षाच्या पोरीला बसवलं. तिने आयुष्यात रिलीज केलेली नाही. सिंहगडरोड तिच्या शेजारी, पण तोंड बंद ठेवायचं आणि कीबोर्डला हात लावायचा नाही अशा अटीवर. त्याचे हाल बघण्यासारखे होते, दर दहा मिनिटांनी उठून पाणी पीत होता.

दुपारी दोनला सुरू केलं, मला वाटलं तासाभरात होईल. पायरी २ ला पहिला थांबा. ‘ब्रांच नेहमीप्रमाणे काढा.’ ती म्हणाली नेहमीप्रमाणे म्हणजे कशी? मग आम्ही शोधलं तर चौदा पायऱ्यांत ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द पाच वेळा होता. पाचही ठिकाणी तिने प्रश्न विचारला, पाचही ठिकाणी उत्तर सिंहगडरोडच्या बोटांत होतं, सांगताना त्यालाही दोनदा आठवावं लागलं. एका ठिकाणी तर जी कमांड तो मारायचा ती त्याने तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या लॅपटॉपवर बनवलेलं, लांब कमांडचं टोपणनाव निघालं, दुसऱ्या कुठल्याच मशीनवर नाही.

पायरी ९ आता अशी आहे: चार ग्रंथालयांचा डेटा (वाचकांची नावं-पत्ते काढून) रेपोच्या (कोडच्या साठ्याच्या) शेजारी ठेवलाय, त्यात मावळचा आणि मावशींच्या गावचा दोन्ही, आणि मायग्रेशनच्या आधी व नंतर दाखल क्रमांकांची यादी अक्षर न अक्षर जुळली तरच पुढे जायचं. नाही जुळली तर जो रिलीज करतोय त्यानेच थांबवायची, त्याला कुणाला विचारायची गरज नाही आणि त्याच्याशी वाद घालायचा नाही. हे तिनेच लिहिलंय, शेवटचं वाक्य पण तिचंच. तेवढ्यावर आमच्यात थोडी कुरकुर झाली, नव्या माणसाला एवढा अधिकार का म्हणून, पण राहू दिलं.

टॅग पडल्यावर बिल्ड दोघांनी वेगळा केला. हॅश जुळला नाही! इन्स्टॉलरच्या आत बिल्डची वेळ लिहिली जात होती म्हणून. ती काढायला दीड तास गेला, टॅग पुन्हा मारावा लागला. सहीची की आता कुणाच्याही लॅपटॉपवर नाही, प्रोजेक्टसाठी घेतलेल्या एका छोट्या यूएसबी कीवर आहे आणि दुसरी तशीच दुसऱ्या घरी, दोन्हीचे पिन वेगळ्या माणसांकडे. गुरुवारची_वीजला हे अजून अपुरं वाटेल, माहितीये.

तारखा: जानेवारी आणि जून. फेब्रुवारी-मार्च काहीही नाही, फक्त डेटा जात असेल तरच. बदलांची यादी मराठीत, वरती मोठ्या अक्षरात बॅकअप, खाली जुनी आवृत्ती परत घालायच्या चार ओळी चित्रांसकट. चित्रं काढायला सर्वात जास्त वेळ लागला.

सगळं मिळून रात्री पावणेनऊ वाजले. पोरगी म्हणाली पुढच्या वेळी तीन तासांत होईल, मी म्हटलं पुढच्या वेळी तू नाहीयेस, अर्धाकप आहे.

अर्धाकप (रविवार, रात्री ९:०२)

काय? मी कधी तुमच्या प्रोजेक्टमध्ये आलो?

दाखल_नोंदवही (रविवार, रात्री ९:०४)

‘हे मी सुद्धा करीन.’ सोमवार, रात्री १०:४४. वर जाऊन बघा.

ग्रंथपाल_मावळ (रविवार, रात्री ९:३७)

आज घातलं, बॅकअप घेऊन. यादी बरोबर दिसतेय, ४५२ वेगळी ४५२अ वेगळी. आणि ती प्रत सापडली, एका आजोबांकडे होती, आपल्या नावावर नाही म्हटल्यावर त्यांनी ती ठेवूनच घेतली होती. विलंब शुल्क लावलं नाही.

उपद्व्यापी (रविवार, रात्री ९:४१)

आणि धायरीच्या फ्रीजवरचा कागद?

सिंहगडरोड (रविवार, रात्री ९:५५)

आईने काढला. आता तिथे गॅसवाल्याचा नंबर आहे.